निळा पंप मागण्याआधी: दम्याचा इनहेलर मेडिकलमधून घेताना

"आक्का, तो निळा पंप द्या की. चिठ्ठी नाही, पण नेहमीचाच हाय."

निपाणीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी कानावर येतं. मागणारी कधी तंबाखूच्या वखारीतून सुटून आलेली बाई असते, कधी ऊसतोडीच्या टोळीतला गडी, कधी चिकोडीची बस पकडायच्या घाईतला कॉलेजचा मुलगा. दुकान सुरू केलं तेव्हा पहिली काही वर्षं मीही फार विचार न करता कपाटातून खोकं काढून द्यायची. धाप लागलेल्या माणसाला चिठ्ठी आण म्हणून परत पाठवणं जिवावर यायचं, आजही येतं. पण त्या वर्षांत एक गोष्ट मी मोजली नाही, आणि ती मोजायलाच हवी होती: एकच माणूस वर्षाला किती पंप नेतो.

एक मावशी दर वीस दिवसांनी यायच्या. पंपात २०० फवारे असतात, म्हणजे त्या रोज दहा फवारे मारत होत्या. मी त्यांना प्रत्येक वेळी सुट्टे पैसे परत दिले, "बऱ्या आहात ना" म्हणून विचारलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. शेवटी एका पहाटे त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वाचल्या. त्यानंतर मी वही केली, आणि त्या वहीतून जे शिकले ते इथे लिहीत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात आपली माणसं कानडीत बोलणाऱ्या दवाखान्यात जातात, इंग्रजी खोकं घरी आणतात आणि मराठीत शेजाऱ्याला विचारून पंप मारतात. या तीन भाषांच्या मधल्या फटीत बरंच काही सांडून जातं.

चिठ्ठीचं नक्की काय

भारतात दम्याचा इनहेलर विनाचिठ्ठीचं औषध नाही. १९४५ च्या औषध नियमांत निळ्या पंपातलं औषध, साल्ब्युटामॉल, चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या शेड्यूल एच या यादीत आहे, आणि खोक्यावर 'आरएक्स' ही खूण व नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा छापलेला असतो. तरीही निळा पंप बहुतेक ठिकाणी मागितला की मिळतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्यामुळे 'मिळतो म्हणजे निर्धोक असणार' असा समज पसरला आहे. तो समज चुकीचा आहे.

सीमाभागात नेहमी विचारला जाणारा प्रश्न: मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी बेळगावात चालते का? चालते. हा कायदा केंद्राचा आहे, १९४० चा, आणि दोन्ही राज्यांत तोच लागू आहे. गडहिंग्लजची चिठ्ठी संकेश्वरात, बेळगावची चिठ्ठी चंदगडात चालते. कोणी नाकारली तर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही दाखवा, एवढं पुरतं.

आता एक गोष्ट जी फारच थोड्या जणांना ठाऊक असते. नियमानं एक चिठ्ठी एकदाच चालते, डॉक्टरांनी त्यावर पुन्हा द्यायला हरकत नाही असं लिहिलेलं नसेल तर. दमा वर्षानुवर्षं चालणारा आजार, आणि खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला दर महिन्याला बेळगावला जाणं म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडवणं. म्हणून तपासून झाल्यावर उठण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "हे औषध सहा महिने चालू ठेवायचं तर चिठ्ठीवर तसं लिहून द्या." औषधाचं मूळ नावही लिहून मागा, नुसतं कंपनीचं नको. एक ब्रँड संपला तरी मग दुकानदाराला त्याच घटकांचा आणि त्याच ताकदीचा दुसरा ब्रँड देता येतो, आणि जनऔषधी केंद्रातही विचारता येतं. सरकारी दवाखान्यातही पंपाची चौकशी करा. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड (रोजच्या पंपातलं सूज उतरवणारं औषध) हे दोन्ही २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

परदेशाचंही सांगते, कारण अमेरिकेत मुलगा असलेले एक काका मागे तिकडून आणलेला पंप घेऊन आले होते. तिथे प्रायमाटीन मिस्ट नावाचा इनहेलर विनाचिठ्ठी मिळतो. त्यात साल्ब्युटामॉल नसतं, एपिनेफ्रिन म्हणजे ॲड्रेनॅलिन असतं. जुन्या पंपातला औषध बाहेर ढकलणारा वायू ओझोनला मारक म्हणून २०११ च्या अखेरीस तो बाजारातून गेला आणि नव्या वायूसह २०१८ मध्ये त्याला पुन्हा परवानगी मिळाली. तोही फक्त बारा वर्षांवरच्या, अधूनमधून हलका त्रास होणाऱ्या आणि डॉक्टरांनी दम्याचं निदान केलेल्या माणसांसाठी आहे, आणि २४ तासांत आठ फवाऱ्यांच्या वर घ्यायचा नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यानं तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. काकांना दोन्ही होते. त्यांना तो पंप बाजूला ठेवायला सांगितलं. ऑस्ट्रेलियात साल्ब्युटामॉल विनाचिठ्ठी मिळतं, पण फार्मासिस्टशी बोलूनच. ते बोलणं आपल्याकडच्या काउंटरवरही व्हायला हवं.

आधी हे ठरू द्या की दमाच आहे

धाप म्हणजे दमा असं आपण पटकन म्हणून टाकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल तर पंप मागू नका, सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. साठीच्या माणसाला आडवं पडल्यावर दम लागत असेल, पायांवर सूज असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. तिथे निळा पंप मारत बसलं तर छातीची धडधड वाढते आणि मूळ आजाराला उशीर होतो. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांना आणि विडी ओढणाऱ्या पुरुषांना सीओपीडी, म्हणजे धुरानं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होतो. तो दम्यासारखा दिसतो, पण त्याची औषधं वेगळ्या क्रमानं चालतात.

दम्याची चाल वेगळी असते. त्रास येतो आणि जातो. रात्री, पहाटे, धुळीत, थंडीत वाढतो. छातीत शीळ वाजल्यासारखी घरघर होते, आणि मधल्या काळात माणूस अगदी ठणठणीत असतो. स्पायरोमेट्री नावाची फुंकर मारायची साधी तपासणी आहे, तिच्यात हे नीट कळतं. आयुष्यभराच्या औषधाआधी ही एक तपासणी करून घ्या, बेळगावात ती होते.

निळा पंप आणि रोजचा पंप

सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

दम्यात श्वासनळीत दोन गोष्टी बिघडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नळीचं आतलं अस्तर सुजून चिकट होतं. साल्ब्युटामॉल (अस्थालिन) किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल (लेव्होलिन) हा झटक्याचा पंप आवळलेले स्नायू सोडवतो. पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं आणि चार ते सहा तास तसं राहतं. सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतो तो ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा पंप. तो मारल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, फरक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणून माणसं तो बंद करतात आणि निळा धरून ठेवतात. मावशींनीही तेच केलं होतं. "त्यानं कायबी होत नव्हतं आक्का, ह्यानं लगीच सुटतंय."

लगेच सुटतं यातच फसगत आहे. आत सूज वाढत राहते, वरून सुटका मिळत राहते, आणि एक दिवस सूज एवढी होते की निळ्यानं सुटेनासं होतं. दम्याच्या उपचारांची जगभर मानली जाणारी 'जिना' ही मार्गदर्शिका २०१९ पासून हेच सांगते: मोठ्या माणसांनी आणि बारा वर्षांवरच्या मुलांनी दम्यासाठी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये, स्टेरॉइडचा पंप कुठल्या तरी रूपात हवाच. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप लागले तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त लागले तर मरणाचा धोका वाढतो. मावशींचे वर्षाला अठरा होत होते.

म्हणून मोजायची रीत सांगते, फार सोपी आहे. पंप फोडलात त्या दिवशी त्याच्या प्लॅस्टिकवर पक्क्या पेनानं तारीख लिहा. संपला की दुसरी तारीख लिहा आणि रिकामा पंप डॉक्टरांकडे जाताना पिशवीत घालून न्या. त्या दोन तारखा डॉक्टरांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतात. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस निळा पंप लागत असेल, किंवा दम्यानं रात्री जाग येत असेल, तर दमा ताब्यात नाही आणि भेट आताच घ्यायची.

आता डॉक्टर बऱ्याचदा ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप देतात, फोराकॉर्टसारखा. फॉर्मोटेरॉल लवकर काम करतं, त्यामुळे हा पंप रोजचा आणि झटक्याचाही म्हणून वापरता येतो, पण दिवसाची मर्यादा डॉक्टरांनी लिहून दिलेली असली तरच. सेरोफ्लोसारख्या पंपातलं साल्मेटेरॉल हळू चढतं. तो झटक्यात मारू नका. खोकी सारखीच दिसतात, म्हणून दुकानातच विचारा: "हा झटक्याचा की रोजचा?" आणि उत्तर खोक्यावर मराठीत लिहून घ्या. निळा म्हणजे झटक्याचा ही खूण बहुतेक ठिकाणी बरोबर ठरते, पण कंपनी बदलली की रंगही बदलतो. नाव वाचून घ्या, वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या.

'पंपाची सवय लागते' आणि 'पंप म्हणजे शेवटचा इलाज' ही दोन वाक्यं मी इतकी ऐकली आहेत की त्यांचा राग येतो. पंपातल्या फवाऱ्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १००. त्याच औषधाच्या गोळीत दोन किंवा चार मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते, पंप सरळ छातीत जातो. मुलाला पंप नको, गोळी द्या असं म्हणणारी आई त्याला जास्त औषध देत असते. गरोदर बाईनंही पंप आपल्या मनानं बंद करू नये. बाळाला आईच्या धापेचा त्रास पंपापेक्षा कितीतरी जास्त होतो.

पंप कसा मारायचा

मावशी दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना म्हटलं, माझ्यासमोर एकदा मारून दाखवा. त्यांनी कमरेच्या बटव्यातून पंप काढला. टोपण केव्हाच हरवलं होतं. तोंडाशी धरायच्या भोकात वखारीतली तंबाखूची तपकिरी भुकटी बसली होती, आणि तिच्यात सुपारीचं एक खांड अडकलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तोंडापासून दोन बोटं लांब पंप धरला, 'फूस फूस' दोनदा दाबला आणि मग श्वास घेतला. औषधाचा पांढरा धूर गालावरून, नाकासमोरून बाहेर निघून गेला. इतक्या वर्षांत तो नीट मारून दाखवायला कोणी पाच मिनिटं दिली नव्हती, मीसुद्धा नाही.

तर नीट असं. टोपण काढा आणि आत डोकावून बघा. नाणं, सुपारी, भुकटी काहीही असू शकतं, आणि ते फवाऱ्याबरोबर घशात जाऊ शकतं. पंप चार-पाचदा हलवा. नवा असेल किंवा काही दिवस वापरला नसेल तर आधी दोन-तीन फवारे हवेत सोडा. उभे राहा किंवा ताठ बसा. सावकाश पूर्ण श्वास बाहेर सोडा, पण पंपात नको. पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. आता तोंडानं हळू श्वास आत घ्यायला लागा आणि लागताच एकदा दाबा. दाबल्यावर श्वास थांबवू नका, तीन ते पाच सेकंद आत घेतच राहा. मग पंप काढून दहापर्यंत मोजत श्वास रोखा. दुसरा फवारा हवा असेल तर निदान अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, आणि सगळं परत. लागोपाठ दोनदा दाबला तर दुसरा वाया जातो.

दाबणं आणि ओढणं एका वेळी जमणं अवघड आहे, म्हणून स्पेसर घ्या. तो प्लॅस्टिकचा भोपळा, एका टोकाला पंप आणि दुसऱ्या टोकाला तोंड. दुकानात मिळतो, एकदा घेतला की बरेच दिवस चालतो, आणि त्यानं जास्त औषध छातीत जातं, घशात कमी बसतं. एका वेळी एकच फवारा सोडायचा आणि चार ते सहा साधे श्वास घ्यायचे. लहान मुलाला मास्क लावलेला स्पेसर, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसायला हवा. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्यानं आतून पुसलात तर प्लॅस्टिकला वीज चढते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. अडीनडीला स्पेसर नसेल तर पाण्याच्या अर्धा लिटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, पंप त्यात घट्ट बसवा, भोवती फट राहू देऊ नका, आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्या. हे काम चालवण्यापुरतं ठीक आहे, आणि चालतं.

घरी नेब्युलायझरचं, म्हणजे औषधाचं धुकं करून देणारं विजेचं यंत्र घेण्याचा आग्रह हल्ली फार होतो. बहुतेकांना त्याची गरज नसते. झटक्यात स्पेसरमधून नीट दिलेले पंपाचे फवारे यंत्राइतकेच काम करतात, आणि आपल्या खेड्यांत वीज जाते तेव्हा पंपाला वीज लागत नाही.

कॅप्सूल घालून ओढायच्या रोटाहेलरची रीत याच्या उलट. पंपात श्वास हळू घ्यायचा, रोटाहेलरमध्ये जोरात आणि खोल. त्यात फुंकर मारू नका, पावडर ओली होते. खानापूरकडे पावसाळ्यात भिंतींना ओल चढते, तिथे कॅप्सूल आधीच काढून ठेवली तर पावडरीचा गोळा होतो. वापरताना काढा, ओढून झाल्यावर आत बघा, पावडर उरली असेल तर परत ओढा. आणि ही कॅप्सूल गिळायची नाही. माझ्याकडे गिळणारेही आले आहेत.

स्टेरॉइडचा पंप कुठल्याही रीतीनं घ्या, नंतर पाण्यानं गुळणी करून थुंका. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. दात घासायच्या आधी हा पंप मारायची सवय लावली की गुळणी आपोआप होते आणि डोसही चुकत नाही.

पंपाची प्लॅस्टिकची नळी आठवड्यातून एकदा धातूची डबी काढून धुवा. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघण्याची रीत विसरा, तिच्यावरून किती औषध उरलं ते कळत नाही. आकडा दाखवणारा पंप असेल तर तो बघा, नसेल तर तारखेवरून हिशोब करा. डबीत औषध संपलं तरी वायू उरतो आणि 'फूस' वाजतच राहतं. मोटारसायकलच्या डिकीत, चुलीजवळ, अथणीच्या उन्हात पत्र्याखाली पंप ठेवू नका. रिकामी डबी भोसकू नका, जाळू नका.

दुकानदाराला काय सांगायचं, काय नाकारायचं

पंप घेताना चालू असलेली बाकीची औषधं सांगा, डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूला टिमोलॉलचे थेंब देतात. रक्तदाबाला ॲटेनोलॉल, हात थरथरण्याला किंवा अर्धशिशीला प्रोप्रॅनोलॉल. ही औषधं श्वासनळी आवळू शकतात आणि निळ्या पंपाचा असर कमी करतात. ती स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दमा असल्याचं सांगा. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्याच्या गोळ्यांनी जोराचा झटका येतो. पूर्वी कधी तसं झालं असेल तर ते प्रत्येक दुकानात, प्रत्येक वेळी सांगायचं.

निळ्या पंपानं हात थरथरणं, छाती धडधडणं, पायात गोळे येणं होतं, बहुधा थोड्या वेळानं जातं. फवारे वाढवत नेले तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि ठोके बिघडू शकतात. हृदयाचं औषध चालू असणाऱ्यानं हे विशेष लक्षात ठेवावं.

दुकानात सुटी पुडी मागू नका आणि कोणी दिली तर घेऊ नका. दोन-तीन रंगांच्या गोळ्या कागदात गुंडाळून 'दम्याचा कोर्स' म्हणून दिल्या जातात, त्यात बऱ्याचदा बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात माणूस उड्या मारतो. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केलं तर जीव धोक्यात येतो. नाव नसलेल्या काळ्या गोळ्या आणि चूर्ण यांचंही तेच. लागोपाठ घेतलेली स्टेरॉइडची गोळी आणि पंपातलं मायक्रोग्रॅमभर स्टेरॉइड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगायला वेळ लागतो, पण सांगत राहावं लागतं. मृगाला माशातून औषध घ्यायला हैदराबादला जाणारी माणसं आपल्याकडेही आहेत. त्यांना मी एवढंच म्हणते: जायचं तर जा, पण पंप खिशात ठेवून जा आणि रोजचा डोस चुकवू नका.

बिल घ्या. खोक्यावरचा बॅच नंबर, मुदत आणि छापील किंमत बिलाशी जुळवा.

आपल्या भागातले दिवस

वखारीत तंबाखू झाडणाऱ्या, वडगावच्या मागांवर बसणाऱ्या, उद्यमबागच्या फाउंड्रीत वाळूत काम करणाऱ्या माणसांनी नाकावर ओला रुमाल बांधला तरी तो तासाभरात वाळतो. मालकाकडे मास्क मागा आणि डॉक्टरांना काम काय करता ते न विचारताही सांगा. सुट्टीच्या दिवशी बरं आणि कामावर गेलं की त्रास, असं होत असेल तर ते आवर्जून सांगा. गळिताच्या हंगामात पाचट पेटवतात तेव्हा धूर रात्रभर गावावर बसतो, भाताच्या मळणीत भुसा उडतो. अप्पाचीवाडीला किंवा मंगसुळीच्या खंडोबाला भंडारा उधळतात, गर्दीत हळदीची धूळ थेट घशात जाते. देवाला जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. पंप पिशवीच्या तळाशी ठेवू नका, वरच्या खिशात ठेवा, आणि सोबतच्या एका माणसाला तो कुठे आहे ते दाखवून ठेवा. मूल दमेकरी असेल तर शाळेतल्या बाईंना पंप आणि एक ओळीची सूचना द्या.

झटका आला तर

माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. भोवतीची गर्दी हटवा, खिडकी उघडा. निळा पंप स्पेसरमधून: एक फवारा, चार श्वास, पुन्हा एक फवारा, चार श्वास, असे चार फवारे. चार मिनिटं थांबा. बरं वाटलं नाही तर आणखी चार, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवायचं.

एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर पडली असतील, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असेल, माणूस गुंगीत जात असेल, तर चार मिनिटंही वाट बघू नका, फोन आधी करा. घरघर एकदम थांबली आणि माणूस अजून धापतोय, हे सगळ्यात वाईट लक्षण आहे. छातीतून हवाच जात नाही म्हणून आवाज नाही. पंपानं सुटलं, पण चार तासांच्या आत परत लागला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका.

सीमेवरच्या गावात फोन पलीकडच्या राज्याच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून उचलल्याबरोबर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव सांगा. समोरचा माणूस कानडीत बोलला तर घाबरू नका, एवढं एक वाक्य पाठ असू द्या: "उसिराडलु कष्ट आगतिदे", म्हणजे श्वास घ्यायला त्रास होतोय. दम्याला कानडीत 'उब्बस' म्हणतात.

हे वाक्य, पंपांची नावं, दिवसाचा डोस, चालत नसलेली औषधं आणि घरच्या एकाचा फोन नंबर मी एका कार्डावर लिहून देते, वर मराठीत आणि खाली कानडीत. मावशींचं कार्ड त्यांच्या बटव्यात असतं, पंपाशेजारी, आता टोपण असलेल्या. त्यांच्या सध्याच्या निळ्या पंपावर संक्रांतीची तारीख आहे, आणि श्रावण लागला तरी तो संपलेला नाही.